पाददुखी : लक्षण एक, व्याधी अनेक

आपल्या संहितांमध्ये ‘पाददुखी’ या नावाचा स्वतंत्र व्याधी नाही. वातकण्टक, वातरक्त, पाददाह, पादहर्ष, पाददारी, कदर, अलस असे निरनिराळे व्याधी ग्रंथकारांनी वर्णिले असून प्रत्येकाचा हेतू आणि चिकित्सा वेगळी सांगितली आहे. व्यवहारात मात्र रुग्ण “पाय दुखतात, काहीतरी द्या” एवढेच सांगतो आणि बहुतेकांच्या हाती तेलाची बाटली, गुग्गुळाच्या गोळ्या आणि शेकाचा सल्ला पडतो. काहींना याने उपशय मिळतो. काहींच्या बाबतीत मात्र हाच सल्ला पाऊल गमावण्याचे कारण ठरू शकतो. म्हणून निदानाची शिस्त पुन्हा एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

परिसर आणि हेतू

दिघाशी व भिवंडी तालुक्यातील रुग्णांचा विचार करता तीन प्रकारचे श्रम प्रामुख्याने आढळतात. आवणीच्या दिवसांत शेतकरी स्त्रीपुरुष तासन्‌तास अनवाणी चिखलात उभे असतात. यंत्रमागावरील कामगार कठीण जमिनीवर संपूर्ण पाळी उभ्याने व फिरत काढतो. गोदामातील हमाल ओझे घेऊन सिमेंटवर चालतो. रुग्णाचा व्यवसाय, पादत्राण आणि कामाचे तास विचारले की हेतू निम्मा उलगडतो. वेदना नेमकी कोठे, केव्हा आणि कशाने वाढते, हे तीन प्रश्न उरलेले काम करतात.

टाचदुखी : वातकण्टक

पाऊल विषम पडल्याने हा व्याधी होतो असे सुश्रुत सांगतो. वाग्भट त्यात श्रमाची भर घालतो. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूस, काटा रुतल्यासारखी तीव्र वेदना होते. थोडे चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभर उभे राहिल्यावर पुन्हा वाढते. आधुनिक शास्त्रानुसार ही तळव्याच्या स्नायुबंधाची विकृती होय. क्ष-किरण चित्रात दिसणारे वाढलेले हाड वेदनारहित व्यक्तींतही आढळते. म्हणून केवळ त्यावरून रुग्णास घाबरवू नये.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. मऊ टाचेचे पादत्राण घरातही वापरावे, वजन आटोक्यात आणावे आणि कामात अधूनमधून बसण्याची सोय करावी. महानारायण किंवा सहचर तैलाचा अभ्यंग, नंतर वालुका पोट्टली अथवा इष्टिका स्वेद, आणि आभ्यंतर योगराज किंवा त्रयोदशांग गुग्गुळ ही परिचित योजना आहे. चक्रदत्तादी ग्रंथांत रक्तमोक्षण, एरंडतैलपान व सूचीदाह हे उपाय सांगितले आहेत; योग्य रुग्णात अग्निकर्माचा चांगला उपशय मिळतो. यासोबत एक व्यायाम अवश्य शिकवावा : दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत, 10 सेकंद धरावीत, असे 10 वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिल्यांदा सकाळी जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी. पूर्ण आराम पडण्यास कित्येक महिने लागू शकतात, हे आधीच सांगितल्यास रुग्ण वैद्य बदलत फिरत नाही.

टाचेच्या मागील बाजूस वेदना असेल तर विकृती पोटरीच्या कंडरेची समजावी. तरुण रुग्णाच्या दोन्ही टाचा दुखत असून सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर विचार केवळ टाचेपुरता ठेवू नये. संधी व मणक्याच्या दाहक विकारासाठी तपासणी करावी.

चिखल्या, भेगा आणि कुरूप

दूषित चिखलाच्या संपर्काने होणारा ‘अलस’ सुश्रुताने क्षुद्ररोगांत सांगितला आहे. आपल्याकडील ‘चिखल्या’ त्या याच. येथे तेल लावणे उपयोगाचे नाही. निंबक्वाथाने धुऊन बोटांमधील जागा पूर्ण कोरडी करावी. पाददारीत, म्हणजे रुक्ष भेगांत, याउलट स्नेह हवा : कोमट पाण्याने मृदू करून सिक्थतैल लावावे. कदर अर्थात कुरूप ब्लेडने कापून घेण्याची सवय मोडावी. दाब देणारे पादत्राण बदलल्याखेरीज ते परत येतेच.

भेगांकडे दुर्लक्ष करू नये, याचे कोकणपट्टीत आणखी एक कारण आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू दूषित पाण्यातून अशाच फुटलेल्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. आवणीच्या काळात ज्वर, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे असा रुग्ण आल्यास त्याला अंगदुखीचा काढा देऊन घरी न पाठवता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

वातरक्त

रात्री अचानक अंगठ्याचा मूळसंधी सुजून लाल होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, तेव्हा वातरक्त आठवावे. तीव्र अवस्थेत रक्तातील युरिक आम्ल प्राकृतही येऊ शकते. येथे मर्दन व स्वेदन टाळावे. गुडूची, कैशोर गुग्गुळ, मृदू विरेचन आणि मद्य-मांसवर्जन हा क्रम ठेवावा. मात्र संधिशोथासोबत ज्वर असल्यास संधीत पू झाल्याची शंका प्रथम दूर करावी.

दाह आणि सुप्ती : येथे थांबावे

तळपायांचा दाह आणि सुप्तता यांची गणना प्रमेहाच्या पूर्वरूपांत केलेली आहे. रात्री पाय जळतात, मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असे सांगणाऱ्या प्रत्येकाची रक्तशर्करा तपासावी. अशा पावलाला उष्णता कळत नाही. शेकाने त्वचा भाजली तरी रुग्ण तक्रार करत नाही. फोड, व्रण, जंतुसंसर्ग आणि अखेर अंगच्छेद, हा क्रम अनेकदा एका गरम पिशवीपासून सुरू होतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची उष्ण पाण्याची कुंडे आपल्या तालुक्यातच आहेत. वातकण्टकाच्या रुग्णास तेथे सुख वाटेल. बधिर पावलाच्या मधुमेह्यास मात्र त्यापासून स्पष्ट शब्दांत परावृत्त करावे. अग्निकर्मही अशा पावलावर नको.

तपासणीस कोणतेही उपकरण लागत नाही. रुग्णास डोळे मिटावयास सांगून दोन्ही पावलांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर ते पाऊल धोक्यात आहे असे समजावे. सुप्तीसोबत त्वचेवर फिकट वा लालसर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याचे औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

पावलाच्या पाठीवरील नाडीही चाचपावी. चालताना पोटरी भरून येते, थांबल्यावर मोकळी होते, पाऊल गार आहे आणि रुग्ण विडी ओढतो, अशा वेळी विकृती रक्तवाहिन्यांची असते. तेथे तंबाखूत्याग हाच पहिला उपाय. तज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब नको.

औषधालयचालकांस विनंती

वत्सनाभ, कुचला आदी द्रव्ये अनुसूची ई(1) मध्ये येतात. पोटात घेण्याच्या अशा कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना असते. ती केवळ छापण्यापुरती नाही. विनालेबल वेदनाशामक चूर्णे मुळीच ठेवू नयेत. काही तासांत चमत्कार दाखवणाऱ्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. तेल देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : साखरेचा विकार आहे का? पायाला स्पर्श कळतो का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर बाटली परत मांडणीत ठेवून रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

पाऊल हा शरीराचा सर्वांत दूरचा आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग. रुग्ण टेबलापलीकडे बसून तक्रार सांगतो आणि चप्पल पायातच राहते. ती काढावयास सांगून दोन्ही तळवे, बोटांमधील जागा व टाचा उजेडात पाहणे, यास दोन मिनिटे पुरतात. दर्शन-स्पर्शन-प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्याच शास्त्राने दिलेली आहे. पाददुखीच्या प्रत्येक रुग्णात ती पूर्ण झाल्यावरच लेखणी हाती घ्यावी.