उंदीर बरा झाला, माझा मुलगा कधी?

‘डॉक्टरसाहेब, उंदराचा सिकलसेल बरा झाला म्हणे. मग माझ्या पोराचा कधी?’ एका वडिलांनी दवाखान्यात विचारले. बातमीच्या भरवशावर त्यांनी मुलाच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पोरगा हातापायांच्या दुखण्याने कण्हत होता.

विदर्भात या आजाराची घरे पुष्कळ. म्हणून हे नीट समजून घेऊ.

उंदराला मुळात सिकलसेल होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराची हिमोग्लोबिनची जनुके निकामी करून त्याऐवजी सिकलसेलची मानवी जनुके घातली. अशा उंदराच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी होते, प्लीहा वाढते.

त्याचा उपयोग झाला. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. ते असेतो त्रास होत नाही, म्हणून पहिले काही महिने बाळ ठीक दिसते. हे हिमोग्लोबिन बंद करणारे ‘बटण’ काढले, तेव्हा २०११ मध्ये असे उंदीर सुधारले. त्याच तत्त्वावरच्या जनुकीय उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. मधे बारा वर्षे गेली, आणि तिथली किंमत बावीस लाख डॉलर!

शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. गर्भातले खास हिमोग्लोबिन त्याच्याकडे नसतेच. तेही माणसाकडून उसने द्यावे लागते. ‘कुठे दुखते’ हे तो सांगत नाही. म्हणून उंदरावरचे यश ही पहिली पायरी समजावी.

उलट, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी पाहा. ती माणसांवरच तपासली गेली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मोठ्या रुग्णांचे दुखण्याचे झटके जवळपास निम्म्याने घटले. म्हणजे हे औषध त्या उंदरांच्याही आधीचे! हीच गोळी त्या वडिलांनी थांबवली होती.

तेव्हा गोळ्या परस्पर बंद करू नका. ठरलेल्या वेळी रक्त तपासा. पाणी भरपूर प्या. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा. दोघेही ‘एएस’ असतील, तर प्रत्येक अपत्याला ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक असते.

मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. वडिलांना म्हटले, ‘बातमी जरूर वाचा, पण गोळी आधी द्या.’