दिवाळीनंतर गावाचं वय वाढतं!

लोकसंख्या किती, हे सगळेच विचारतात. पण शाळा, दवाखाना, पेन्शन आणि एसटी यांचा धंदा चालतो तो माणसांच्या वयावर. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या या वयाच्या हिशेबातल्या काही भन्नाट गोष्टी.

१. अंगणवाडीचं माहेर
अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम मात्र १९४५ पासूनचं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत का येत नाहीत, ते दोघींना लवकरच कळलं. आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर धाकटं भावंड आणि दादाच्या मागे गुरं! मग बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरली, गुराखी पोरांसाठी कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्याची सोय झाली, की थोरलीची शाळा सुरू. खेळणी म्हणाल, तर शिंपले, बिया, खडे आणि पानं.

२. लेकुरवाळी तलासरी
२०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्याची लोकसंख्या होती १,५४,८१८ आणि डहाणूची ४,०२,०९५. तेव्हा महाराष्ट्रात शंभरांत साधारण बारा जण सहा वर्षांपर्यंतचे होते. आदिवासीबहुल तलासरीत हे प्रमाण याहून चांगलंच जास्त. त्यामुळे इथली मागणीही तशीच: बाळंतपणाची सोय, लसीकरण, अंगणवाडीतला आहार, आश्रमशाळेत जागा. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ मध्ये आणली, ती अशाच तालुक्यांसाठी.

३. शेजारी शेजारी, दोन टोकं
डहाणू तालुक्यातच घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात झरथुष्ट्री इराणी कुटुंबांच्या चिकूच्या वाड्या आहेत. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता गंमत बघा. २००१ च्या जनगणनेत, याच धर्माच्या, देशातल्या पारशी समाजात साठी ओलांडलेले होते शंभरांत ३१! पुढच्या दहा वर्षांत त्यांची संख्या ६९,६०१ वरून ५७,२६४ वर आली आणि घरांत पाळणे हलावेत म्हणून सरकारला २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना काढावी लागली. म्हणजे देशातल्या सर्वांत वयस्कर समाजाची घरं आणि लेकराबाळांनी गजबजलेले पाडे, एकाच तालुक्यात. वाडीत लांब काठीला जाळी लावून चिकू उतरवणारे हात मात्र बहुतेकदा पाड्यावरचे.

४. नियम डोकी मोजतो
सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे. उपकेंद्राचा हिशेब ५ हजार आणि ३ हजारांचा. या मापाने २०११ च्या तलासरीच्या वाट्याला पाचाऐवजी सात केंद्रं येतात. पण मापात महिन्याचं बाळ आणि ऐंशीची आजी सारखीच! प्रत्यक्षात एकीकडे नर्सबाईंचा दिवस लसीकरणात जातो, दुसरीकडे बीपी-शुगरच्या गोळ्या वाटण्यात.

५. तीन पिढ्या, अर्धं तिकीट
एसटीत ७५ वर्षांच्या आजीला २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. कडेवरच्या नातवाला तिकीट नाहीच. आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं, म्हणून आईचं अर्धं. तिघं मिळून तालुक्याला जाऊन आली, तरी एका माणसाच्या एकाच बाजूच्या भाड्याचे पैसे! पासष्टी तर आजीने केव्हाच ओलांडली; बाकीच्या निकषात बसली, की श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये वेगळे. ते काढायलाही पुन्हा एसटीच.

६. कमावती मंडळी गेली कुठे?
पावसाळा सरला, की खलाशी गुजरातेत वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर. भातकापणी आणि दिवाळी आटोपली, की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. तलासरीची तरणी पोरं रोज गुजरातची हद्द ओलांडून सरीगाम, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत, तर डहाणूकरांना १६ एप्रिल २०१३ पासून थेट चर्चगेटची लोकल. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. गाव तेच, पण त्याचं सरासरी वय एकदम वर! लसीचा डोस बाकी असलेलं बाळ मात्र भट्टीवर असतं. सेवाही मग माणसांमागे धावल्या: वसईच्या विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ काढल्या, त्या भट्टीजवळच भरायच्या.

७. मोजणी नेमकी फेब्रुवारीत
आता सगळ्यांत मोठी मेख. २०११ ची शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान. पुढची व्हायची आहे फेब्रुवारी २०२७ मध्ये. हा ऐन वीटभट्टीचा हंगाम! नियम असा, की या दिवसांत जो सगळा वेळ घराबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे पाड्यावरचं कुटुंब भिवंडीच्या खात्यात. अंगणवाडी, उपकेंद्र, दवाखाना ज्या आकड्यावर ठरतात, तो आकडाच गाव रिकामं असताना घेतलेला. जूनमध्ये हीच मंडळी लेकराबाळांसह लावणीला परततात आणि लसीची रांग लांबते. तेव्हा मोजायला मात्र कोणी येत नाही.