सहाणेवरची बाहुली, शेषाचलमचं झाड

पाय मुरगळून सुजला की घरातली आजी डब्यातून लाकडी बाहुली काढते. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून ती पायाकडून उगाळते आणि लालभडक लेप सुजेवर लावते. उगाळून उगाळून पाय झिजलेली रक्तचंदनाची ही बाहुली अजूनही अनेक मराठी घरांत सापडते. नावात चंदन असलं तरी तिला सुवास नाही. रक्तचंदन हे आपल्या बिबळ्याचं भावंड, शेंगांच्या कुळातलं.

जंगलात आपसूक वाढलेलं रक्तचंदन जगात मुख्यतः एकाच टापूत आहे: दक्षिण आंध्रातले शेषाचलम, पालकोंडा, वेलिकोंडा आणि नल्लमलाचे कोरडे, खडकाळ डोंगर. तिरुमलाचा घाट चढलेल्या प्रत्येकानं यातला एक डोंगर पाहिला आहे. तिथल्या पातळ मातीत झाड अतिशय सावकाश वाढतं. कोवळ्या खोडात पांढरंच लाकूड असतं; लाल गाभा भरायला काही दशकं लागतात. भरल्यावर तो इतका जड होतो की पाण्यात टाकला तर बुडतो.

हाच गाभा झाडाच्या जिवावर उठला. चीनमध्ये उंची फर्निचरसाठी, जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्यासाठी त्याला मोठी मागणी. १९९५ पासून ‘सायटिस’ करारानं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घातले, तरी तस्करी चालूच राहिली. ‘पुष्पा’ या चित्रपटानं हा धंदा घरोघरी पोहोचवला. पण खऱ्या शेषाचलममध्ये ७ एप्रिल २०१५ रोजी विशेष पथकाच्या गोळीबारात २० जण ठार झाले. तमिळनाडूच्या गरीब गावांतून आलेली माणसं होती ती. लाकडाची खरी किंमत मोजली जाते ती त्यांच्यापासून फार दूर, आणि तिथवर कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो.

जंगलाचं नुकसान नुसतं झाडं मोजून कळत नाही. कुऱ्हाड आधी पडते ती जाड, सरळ बुंध्यावर. चांगलं बी देणारी झाडंही तीच. मागं किडकी, वाकडी उरतात आणि पुढची पिढी त्यांच्याच बियांवर येते. २०१८ मध्ये ‘आययूसीएन’ या निसर्गसंवर्धन संघटनेनं धोक्याची पातळी दोन पायऱ्या खाली आणली होती, २०२१ मध्ये झाड पुन्हा ‘संकटग्रस्त’ ठरलं.

झाड मात्र चिवट आहे. तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात. वणवा आणि चराईपासून ते जपले तर वाढतात. शेतकरीही आता लागवड करताहेत. टणक, चपट्या, गोल शेंगांतलं बी सहजी रुजत नाही, म्हणून पेरण्याआधी ते भिजवावं लागतं. आणि रोप लागलं तरी त्यात बाहुलीपुरता लाल गाभा भरेल, तेव्हा लावणाऱ्याची नातवंडं शाळेत जात असतील.