कुंडीतले औषध: नाव एक, झाड दुसरेच

पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकांत गर्दी वाढते. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांच्या शेजारी आता औषधी वनस्पतींची वेगळी रांगच मांडलेली असते. तुळस, कोरफड, अडुळसा, गुळवेल, ब्राह्मी, पानफुटी आणि अलीकडे ‘इन्सुलिन प्लांट’. रोपाच्या पिशवीत खोचलेली चिठ्ठी किंवा रांगेपुढची पाटी, एवढीच त्यांची ओळख. शोभेच्या झाडाची पाटी चुकली तर लाल जास्वंदीऐवजी पिवळी फुलते, इतकेच. औषधी रोपाची पाटी चुकली, तर ती चूक काढ्यातून थेट पोटात जाते.

सर्वांत नेहमीचा घोळ ब्राह्मीचा आहे. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली बॅकोपा मोनिएरी: जमिनीवर पसरणारी, जाडसर, इवल्या पानांची, पाने समोरासमोर, फूल पांढरट किंवा फिकट जांभळे. दुसरी सेंटेला एशियाटिका: लांब देठावर एकेक गोलसर, कातरलेल्या कडेचे पान. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात पहिलीला ब्राह्मी आणि दुसरीला मंडूकपर्णी म्हटले आहे. बाजारात मात्र मंडूकपर्णीही सर्रास ‘ब्राह्मी’ म्हणून मिळते. दोन्हींतील रासायनिक घटक वेगळे, त्यामुळे एकीवर झालेल्या अभ्यासाचा हवाला देऊन दुसरीची पाने खाण्यात अर्थ नाही.

काही गोंधळ निरुपद्रवी असतात. ‘ओवा’ म्हणून कुंडीत मिळणारे जाड, लवदार पानांचे झुडूप म्हणजे पानओवा. त्याला वास ओव्याचा असला, तरी मसाल्यातला ओवा ज्या बारीक पानांच्या रोपाला येतो ते झाड निराळे. पानओव्याची भजी खाऊन सहसा कोणाचे बिघडत नाही. सर्वच रोपांबाबत असे म्हणता येत नाही.

गुळवेलीचे उदाहरण पाहा. करोनाकाळात ‘प्रतिकारशक्ती’साठी घरोघरी तिचा काढा होऊ लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. त्यातील अनेकांच्या यकृतात, शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखी लक्षणे दिसली. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली गेली असावी, अशी भूमिका आयुष मंत्रालयाने घेतली. यकृततज्ज्ञांना ते पटले नाही.

हा वाद बाजूला ठेवला तरी सामान्य माणसाने दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. गुळवेलीच्या जातभाई आहेत आणि सगळ्यांची पाने हृदयाच्या आकाराची असतात. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात आणि चीक दुधाळ असतो. आणखी एका जातीच्या पानाची मागची बाजू लवदार असते. वीतभर रोपात हे फरक उमटलेलेही नसतात. दुसरी गोष्ट अशी की, ओळख बरोबर असली तरी ज्यांना संधिवाताभ, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार किंवा यकृताचा जुना आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.

कधी झाड बरोबर असते, पण नावच दिशाभूल करते. ‘इन्सुलिन प्लांट’च्या पानात इन्सुलिन नसते. इन्सुलिन हे प्रथिन आहे, ते गिळले तर पोटात पचून जाते, म्हणून तर ते टोचून घ्यावे लागते. या पानांनी प्राण्यांमध्ये साखर उतरल्याचे प्रयोग आहेत, पण औषध म्हणून भरवसा ठेवावा इतका माणसांवरचा पुरावा नाही. धोका दोन्ही बाजूंनी आहे. पाने सुरू करून गोळ्या बंद केल्या तर साखर भडकते. गोळ्यांबरोबर पाने घेऊन साखर उतरली, तर घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते.

मुतखड्यावर पानफुटीची पाने चावण्याचा सल्ला शेजारीपाजारी सहज देतात. हीच कुठे ‘पाषाणभेद’ म्हणून विकली जाते, तर पाषाणभेद या नावावर आणखी तीन-चार वनस्पती हक्क सांगतात. पानफुटीच्या प्रजातीतील झाडांमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात ही झाडे चरून गुरे दगावली आहेत. डिगॉक्सिनची गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णाने तर या पानांच्या वाटेला जाऊच नये.

नावाच्या घोळाची किंमत किती मोठी असू शकते, हे बेल्जियमने पाहिले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी जवळपास त्याच नावाची दुसरी वनस्पती गेली. त्या दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभराहून अधिक रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अनेकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागले, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरी म्हणजेच सापसन ही त्याच कुळातली.

रोपवाटिकेत चूक होते ती बहुधा लबाडीने नव्हे. लहान रोपे सारखी दिसतात, पाणी घालताना चिठ्ठ्या पडतात, ट्रे हलवताना पाट्यांची अदलाबदल होते. एका चुकीच्या मातृवृक्षाच्या फांद्या लावल्या की त्यातून हजार चुकीची रोपे तयार होतात. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे. आयुर्वेदिक औषध बनवणाऱ्यालाही परवाना लागतो. पिशवीतल्या औषधी रोपाची चिठ्ठी मात्र औषधाच्या वेष्टनासारखी तपासली जात नाही.

म्हणून खरेदी करताना मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. घरी आणल्यावर फूल येईपर्यंत थांबावे, कारण ओळख फुला-फळांवरून पक्की होते. शंका असल्यास पान, फूल आणि खोडासह फांदी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. मोबाइलवरचे अॅप अंदाज सांगते, त्या भरवशावर काढा करू नये. रोप चुकीचे निघाले तर गुपचूप फेकण्याऐवजी रोपवाटिकेत परत न्यावे. एक तक्रार आली की मालक अख्खी रांग तपासतो. विकत आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते, हेही विचारून घ्यावे. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्यावर घरगुती प्रयोग नकोत.

एखादे पान किंवा काढा सुरू केल्यावर भूक मंदावली, मळमळ वाढली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ते लगेच थांबवून रुग्णालय गाठावे. उलट्यांबरोबर छातीत धडधड, नाडी फार मंद किंवा भोवळ असेल तर एक तासही घालवू नये. जाताना झाडाची फांदी, चिठ्ठी आणि उरलेला काढा सोबत न्यावा.

आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले की झाडपाल्याचेही नाव घ्यावे. ‘ते काय, कुंडीतलेच आहे’ म्हणून अनेकजण ते सांगत नाहीत. मग कावीळ कशाने झाली हे शोधण्यात दिवस जातात आणि यकृताला इजा करणारा काढा घरी तसाच चालू राहतो.