चमक विझली, रेडियम कायम
तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून बोईसर-पालघर परिसराला किरणोत्सार हा शब्द परिचित आहे. तो जुन्या मनगटी घड्याळातही असू शकतो, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांचे घड्याळ अंधारात वाचण्यासाठी घडवलेले असे: काळी तबकडी, ठळक आकडे, हातमोज्यांनिशी फिरवता येईल अशी चावीची मोठी गुंडी. जर्मन घड्याळे तर तब्बल ५५ मिलिमीटर व्यासाची! आकडे व काटे चमकावेत म्हणून त्यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचा लेप देत. झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होऊन चमक विझते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे. त्यामुळे अशी निस्तेज तबकडी निर्धोक समजून झाकण उघडणे व रंग खरवडणे घातक ठरते. उडालेली धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास रेडियम हाडांत साठून राहते.