पावसाआधीचे रातांबे

कोकणात मे महिन्यातली सगळी मिरवामिरव आंब्याची. पेट्या मुंबई-पुण्याला रवाना होतात, पहिल्या पेटीची वर्तमानपत्रात बातमी येते. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, मात्र परसात, पाणंदीच्या कडेला, कुणी खतपाणी घालो न घालो, पिकत राहतो. जून सरला की आंब्याचं नाव निघत नाही, आणि आमसुलाची बरणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत स्वयंपाकघरात ठाण मांडून असते. माझं माप वर्षभराच्या उपयोगाचं, त्यामुळे मी रातांब्याच्या बाजूचा.

कोकम हे पश्चिम घाटातलं अस्सल इथलं झाड, मँगोस्टीनच्या कुळातलं. त्यात नर-मादी वेगळी. बी पेरून वाढवलेल्या रोपांतली निम्मी नर निघतात, आणि ते कळतं सात-आठ वर्षांनी, फुलोरा आल्यावर. इतकी वर्षं वाढवलेलं झाड फळच देणार नाही म्हटल्यावर लावणारा हिरमुसला तर नवल नाही. म्हणून आता मादी झाडाची कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या, त्या कलमांच्याच.

खरी गोम हंगामात आहे. फळं पिकायला लागतात एप्रिलपासून, पण बरीचशी पिकतात मेअखेरीला आणि जूनमध्ये, म्हणजे नेमकी पाऊस दाराशी आल्यावर. आमसुलाला तर कडक ऊन हवं. झाडाखाली सडा पडलेला आणि आभाळ भरून आलेलं, अशा वेळी कितीतरी रातांबे तिथेच कुजून जातात. लवकर पिकणाऱ्या जातीचं मोल आहे ते यासाठी. रातांब्याची सगळी घरगुती विद्या मला या घाईतून आलेली वाटते.

आमसुलाचं काम पाहिलं तर सोपं, पण चिकट. रातांबा फोडून साल एकीकडे, बिया-गर दुसरीकडे. साली अंगणात वाळत घालायच्या. गराच्या रसात मीठ विरघळवायचं, वाळत्या साली त्यात बुडवायच्या, पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळपट, मऊ आणि आंबट. चार-पाच पुटं देणारी घरं अजून आहेत. बाजारातल्या घाईच्या मालाला एखाद-दुसरं मिळालं तरी पुष्कळ. करणाऱ्याची बोटं आठवडाभर जांभळी राहतात, पण नजर आभाळाकडे. दुपारी ढग गडगडला की वाडीत एकच हाक: “गे, पाऊस इलो, सोलां भितर घे!” मग लेकीसुना, पोरंटोरं, झोपेतून उठलेले अप्पा, सगळे सुपं-रोवळ्या घेऊन अंगणात.

ऊन हुकलं तरी दोन वाटा उरतात. पहिली आगळ. ताज्या साली-गरात किलोला साधारण दीडशे ग्रॅम मीठ घालून बरणी ठेवायची, रोज हलवायची, आठवड्याने रस गाळून घ्यायचा. मीठच तो राखतं. दुसरी अमृत कोकम: सालीच्या दुप्पट साखर, थरावर थर. साखर विरघळून लालभडक पाक सुटतो. बाटलीतल्या तयार सरबतात पुष्कळदा साखरच बोलते, कोकम गप्प असतं. घरचं प्यायल्यावर ते फार जाणवतं.

हल्ली दुधाशिवायच्या खाण्याचं नवल चाललंय. सोलकढी तशीच आहे, कुणी तिला नवं नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून. ओलं खोबरं कोमट पाण्यात लसूण-मिरचीबरोबर वाटून दाट रस काढायचा आणि आगळ शेवटी, बेताबेताने घालायचं. गॅसवर मात्र ठेवायची नाही, फाटते. नारळ नको असेल तेव्हा तिवळ: कोकमाचं पाणी, हिंग, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर. उन्हातून आलेल्या पाहुण्याला चहाआधी हीच द्यावी. घाटावर हेच आमसूल गुळाबरोबर आमटीत पडतं, आणि एरवी कोकमाला न विचारणाऱ्या घरातही श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी लागतेच.

घरात मुलं असतील तर एक गंमत करून बघा. कोकमाच्या पातळ पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल रंग आधी जांभळट, मग निळसर-मळकट होतो. वर लिंबू पिळलं की पुन्हा लाल. हा रंग अँथोसायनिनचा, आंबटपणावर तो पालटतो. सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लही असतं. त्याच्या नावाने वजन उतरवायच्या गोळ्या जोरात खपल्या; पण वजन हटकून उतरतं असा भरवशाचा पुरावा नाही. कोकम खावं ते चवीसाठी.

उरल्या बिया. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारं तेल थंड झालं की थिजतं. ते मुठीत दाबून गोळे करतात, तेच मुठेल. खोलीत घट्ट राहतं, अंगाच्या उबेने जेमतेम पाझरायला लागतं. कोकोच्या लोण्याशी त्याचं इतकं जमतं की युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटात जी सहा वनस्पतीजन्य स्निग्धं 5 टक्क्यांपर्यंत चालवून घेतली, त्यांत हे आहे. घरी चॉकलेट करणाऱ्यांनी शुद्ध केलेलं कोकम-लोणी चमचाभर घालून पाहावं, उन्हाळ्यात वडी पटकन ढिली पडत नाही. चुलीवरचं मुठेल मात्र नको. त्याला धुराचा, बियांचा उग्र वास असतो आणि चॉकलेटला तो मानवत नाही. ते टाचांसाठीच बरं. दिवाळीच्या थंडीत टाचा फुटल्या की गोळा पणतीवर शेकून तसाच भेगांत भरतात.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी विकत घेताना पाकिटापेक्षा बोटांवर विसंबा. आमसूल दाबल्यावर मऊ लागावं, रंग काळपट जांभळा असावा. वर पांढरे कण दिसले तर एक जिभेवर ठेवा: खारट लागला तर मीठ आहे, खुशाल घ्या. केसाळ बुरशी दिसली तर चाखायच्या भानगडीत न पडता पुढच्या दुकानात जा.