ताटाची मांडणी आणि प्रमाण

मराठी ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड. डावीकडे चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भात, पोळी किंवा भाकरी. ही मांडणी आजच्या पोषणशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते, ते येथे पाहू.

पदार्थांची निवड उत्तम आहे. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मिथिओनिन कमी पडते, ते धान्य पुरवते. म्हणून वरणभात किंवा भाकरी-उसळ यांतून मिळणाऱ्या प्रथिनांची प्रत सुधारते. पालेभाजी आणि कडधान्यांतले लोह अंगी लागायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र त्यात अडथळा आणतो.

गडबड आहे ती प्रमाणात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या 2000 कॅलरींच्या आहारासाठी कच्च्या वजनात 250 ग्रॅम धान्ये, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सुचवली आहेत. म्हणजे भाज्यांचे वजन धान्यांहून जास्त. मी आठवडाभर आमच्या घरचा शिधा काट्यावर मोजला, तेव्हा हिशेब नेमका उलटा निघाला. धान्यच वरचढ होते आणि कोशिंबीर चमचाभर.

हा हिशेब दुर्लक्षून चालणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याला आनुवंशिकता, वजन, बैठे काम अशी अनेक कारणे आहेत. पण ताटातले प्रमाण बदलणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. कोशिंबीर चमच्याने न वाढता वाटीने वाढावी. आधी भाजी, उसळ, आमटी वाढून घ्यावी आणि उरलेल्या जागेत भात-पोळी. लोणचे, पापड मात्र डावीकडे नावापुरतेच राहावेत, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी असावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दुसरा बदल वेगाचा. पोट भरल्याची जाणीव व्हायला काही मिनिटे जातात. टीव्हीसमोर भरभर जेवताना ती होण्याआधीच पुढची पोळी पानात पडते. जेवणापूर्वी श्लोक म्हणून क्षणभर थांबण्याची आपली रीत या दृष्टीनेही उपयोगी वाटते. श्लोक म्हणा वा म्हणू नका. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबून भूक खरोखर उरली आहे का, हे पाहावे.

आणि फराळाबद्दल: चकली, लाडू आनंदाने खावेत, पण ते खाण्याच्या हिशेबात धरावेत. सकाळी भरपेट फराळ झाला असेल, तर दुपारी भात-पोळी कमी घेऊन ताटात कोशिंबीर आणि आमटी वाढवावी.